फुलाफुलावर वाढदिवस

लाकडी पाटीवर बारा महिने कोरलेले, प्रत्येक महिन्याखाली कड्यांत अडकवलेली लाकडी फुले आणि फुलावर घरातल्या माणसाचे नाव नि तारीख. वार नसल्याने हे कॅलेंडर दर वर्षी चालते. चार-सहा कोरी फुले जास्तीची कापून ठेवावीत. घरात सून येते, बारसे होते.

आमच्या सिहोऱ्यात नक्षीसाठी फुले शोधायला लांब जायला नको. मार्चसाठी पळस, एप्रिलसाठी मोह, मे महिन्यासाठी राज्यफूल तामण, ऑक्टोबरसाठी झेंडू. आयत्या गुलाबनक्षीपेक्षा हीच कितीतरी शोभतात!

३ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड पुरते. लेसर यंत्रात कापण्याआधी त्यावर मास्किंग टेप चिकटवली की धुराचे डाग कमी पडतात. पळसाच्या पाकळीचे बाकदार टोक फार बारीक ठेवले तर हमखास मोडते, म्हणून ते थोडे जाडच रेखावे. पीव्हीसी मात्र या यंत्रात कधीच घालू नये; विषारी वायू निघतो.

लाकूड कापणाऱ्या कार्बन डायऑक्साइड लेसरचा शोध अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६४ साली कुमार पटेल यांनी लावला. त्यांचा जन्म १९३८ चा, आपल्या बारामतीतला. अभियांत्रिकीची पदवी पुण्याची.