नाण्याचा पत्ता

ओझरच्या शाळेत एखाद्या विद्यार्थ्याने शेतात सापडलेले जुने नाणे आणले, तर आपण बहुधा विचारू, 'हे कोणत्या राजाचे?' पण त्याआधीचा प्रश्न आहे: 'कुठे, किती खोल सापडले आणि सोबत काय होते?'

याच नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीची सुमारे १३,२५० नाणी एकत्र सापडली. ती क्षहरात घराण्यातील नहपान राजाची होती. मात्र नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीचे ठसे पुन्हा मारलेले होते. एका नाण्यावरून फारसे कळले नसते. हजारो नाण्यांवरून कळते, की जिंकणाऱ्याने हरलेल्याचेच चलन आपल्या ठशाने चालवले. पांडवलेण्यातील शिलालेखही सातकर्णीने क्षहरातांचा उच्छेद केल्याचे सांगतो.

ब्रिटनमध्ये अनेक हौशी लोक धातुशोधक यंत्र घेऊन शेते धुंडाळतात. यंत्राच्या वेटोळ्यातील विद्युतप्रवाह सतत बदलत असल्याने चुंबकीय क्षेत्रही बदलते. त्यामुळे जमिनीतल्या धातूत भोवऱ्यांसारखे प्रवाह निर्माण होतात. त्यांचे क्षेत्र यंत्र टिपते. म्हणजे यंत्राला धातू कळतो. शेजारचे खापर, राख, मातीचा थर कळत नाही. घाईने उकरले, की हा पुरावा कायमचा मोडतो.

आपल्याकडे १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तेव्हा विद्यार्थ्यांना एवढे जरूर सांगूया: नाणे घासू नका, आणखी उकरू नका, जागा वहीत टिपून ठेवा.