मालिकांची बिऱ्हाडं तलासरीच्या पलीकडे का गेली होती?

‘अग्गंबाई सासूबाई’ची पुढची गोष्ट सांगणारी ‘अग्गंबाई सूनबाई’ १५ मार्च २०२१ रोजी झी मराठीवर सुरू झाली. महिनाभरातच, करोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे १४ एप्रिलच्या रात्रीपासून महाराष्ट्रात मालिकांचं चित्रीकरण बंद झालं.

रोजच्या मालिकेकडे सहसा थोड्याच दिवसांचे भाग तयार असतात. ते संपले की जुने भाग दाखवावे लागतात. २०२० च्या टाळेबंदीत वाहिन्यांनी हा अनुभव घेतला होता. त्यामुळे यावेळी अनेक युनिट्सनी राज्याबाहेरचा रस्ता धरला. काही गोव्याला गेली, तर काही तलासरीच्या पलीकडे उंबरगाव, दमण आणि सिल्वासाला.

हीच ठिकाणं का? कारण राज्य सरकारचा आदेश राज्याच्या हद्दीपर्यंतच लागू होतो. रेल्वेने डहाणू रोड आणि घोलवड ओलांडलं की पुढे गुजरातमधलं उंबरगाव रोड स्टेशन लागतं. १९६० पूर्वी उंबरगाव ठाणे जिल्ह्यातच होतं. चित्रीकरणही तिथे नवं नव्हतं. १९८७ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेलं रामानंद सागर यांचं ‘रामायण’ तिथेच चित्रित झालं होतं.

या स्थलांतरामुळे प्रेक्षकांना नवे भाग मिळत राहिले. पण बाहेरगावी मोजकीच माणसं नेता येतात. रोजंदारीवरचे जे कामगार मागे राहिले, त्यांची कमाई थांबली. जूनमध्ये निर्बंध सैल झाल्यावर युनिट्स परतू लागली.