कप कपाटात, होल्टर फायलीत

डॉग शोमध्ये कुत्रा जजसमोर उभा केला की आधी तोंड उघडून दात बघतात. बेचाळीसच्या बेचाळीस हवेत आणि वरचे पुढचे दात खालच्यांवर नेमके बसायला हवेत. मग पाठीची रेघ, छातीची खोली, मागच्या पायांचा कोन, डोळ्यांचा रंग. नर असेल तर दोन्ही वृषणं खाली उतरलीत ना, हेही हात लावून बघतात. डॉबरमन नराची उंची खांद्याशी ६८ ते ७२ सेंटीमीटर भरायला हवी. मग हँडलर त्याला पळवतो. आधी सरळ जाऊन परत, मग त्रिकोणात, मग गोल. आमच्या बाजीनं पुण्यात, कोल्हापुरात, बेळगावात हे सगळं हसतखेळत पार केलं आणि त्याच्या नावाआधी ‘चॅम्पियन’ लागलं. एवढ्या जजांपैकी कोणीही त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला नाही. तशी पद्धतच नाही. आणि लावला असता, तरी त्या वेळी बहुधा काहीच ऐकू आलं नसतं.

बाजी आमच्याकडे सांगलीला आला तो ह्यांची पेन्शन सुरू झाली त्या वर्षी. सर्टिफिकेटवर त्याचं नाव केनेलसकट लांबलचक होतं. ते फक्त माइकवर पुकारायचे. घरात बाजी. काळाभोर, भुवयांवर आणि पायांवर तांबूस. दिवाळीच्या फटाक्यांना ढिम्म, पण मिक्सर लावला की पलंगाखाली. शोसाठी ठेवलेला पांढरा टॉवेल कपाटातून काढला की गडी गाडीच्या दाराशी जाऊन उभा. पुण्याचा हँडलर पोरगा खिशात उकडलेलं लिव्हर ठेवायचा. रिंगमध्ये बाजी मान ताठ करून ज्याच्याकडे टक लावायचा ते लिव्हर होतं. प्रेक्षकांना वाटायचं, काय हा रुबाब!

चॅम्पियन झाल्यावर मेटिंगसाठी फोन येऊ लागले. दोनदा पिल्लं झालीही. मग बंगळूरहून एका बाईंचा फोन आला. त्यांची मादी होती. स्टड फीची गोष्ट निघायच्या आधीच त्यांनी विचारलं, “त्याचा इको आणि होल्टर झालाय का? रिपोर्ट पाठवाल?” असं आम्हांला आजवर कोणी विचारलं नव्हतं. बाजी तेव्हा पाच वर्षांचा होता. भूक चांगली, पळणं चांगलं, खोकला नाही, दम नाही.

सोनोग्राफीनं हृदय बघतात तो इको. होल्टर म्हणजे चोवीस तास ठोक्यांची नोंद ठेवणारं छोटं यंत्र. इको आम्ही पुण्याला करून घेतला. होल्टर मात्र माणसांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडून मागून आणला. बाजीच्या छातीवरचे केस भादरून इलेक्ट्रोड चिकटवले आणि गल्लीतल्या टेलरनं ह्यांच्या दोन बनियनांचं एक जाकीट शिवून दिलं. ते घालून बाजी दिवसभर अंगणात ऐटीत हिंडला.

इकोमध्ये फारसं काही नव्हतं. होल्टरमध्ये होतं. हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून मधूनच अवेळी पडणारे ठोके असतात. निरोगी डॉबरमनमध्ये ते दिवसाला मोजके. चोवीस तासांत ३००च्या वर गेले, तर हृदय आजारी आहे असं धरतात. बाजीचे हजारावर होते.

या आजाराचं नाव डायलेटेड कार्डिओमायोपॅथी. डॉक्टर ‘डीसीएम’ म्हणतात. हृदयाचा स्नायू हळूहळू कमजोर होतो, डावा कप्पा फुगतो, त्याच्या भिंती पातळ होतात. जुन्या पायजम्याचं इलॅस्टिक ताणलं जातं, पण परत आवळत नाही, तसं. रक्त पुढे ढकललं जात नाही, मागे साठतं आणि शेवटी फुप्फुसांत पाणी होतं. पण हे शेवटचं. त्याआधी काही वर्षं आजार आतल्या आत चालू असतो आणि कुत्रा वरून ठणठणीत दिसतो. कित्येकांची फुप्फुसं भरायची वेळच येत नाही. ठोक्यांची लय एकाएकी बिघडते आणि कुत्रा जागच्या जागी जातो.

डॉबरमनमध्ये हे प्रमाण फार मोठं आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात चारशेहून जास्त डॉबरमन वर्षानुवर्षं तपासले होते. आयुष्यात कधी ना कधी हा आजार होणाऱ्यांचं प्रमाण त्यात ५८ टक्क्यांच्या आसपास निघालं. ही जात तशी नवी. जर्मनीतल्या आपोल्डा गावच्या लुई डोबरमान नावाच्या करवसुली करणाऱ्या गृहस्थानं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती तयार केली. पुढे ठरावीक देखणे नर पुन्हा पुन्हा वापरले गेले. देखणेपणाबरोबर त्यांच्या रक्तातलं बाकीचंही पिल्लांत उतरलं.

खरी मेख वयात आहे. आजार आनुवंशिक, पण दिसतो बहुधा मध्यम वयात. नर चॅम्पियन होतो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आणि मेटिंगला मागणी तेव्हाच सगळ्यांत जास्त. छातीतलं कळेपर्यंत त्याची पिल्लं गावोगाव पोचलेली असतात. डीएनए चाचणी केली की झालं, असंही नाही. अमेरिकेतल्या डॉबरमनांत या आजाराशी जोडलेली काही जनुकं सापडली आहेत, पण त्यांतलं एक युरोपातल्या कुत्र्यांना तपासून पाहिलं तर तिथे लागू पडलं नाही. म्हणून युरोपातले पशुहृदयरोगतज्ज्ञ सांगतात की तिसऱ्या वर्षापासून दर वर्षी इको आणि होल्टर, दोन्ही करा. एकच केलं तर बरंच हुकतं. बाजीचं इकोवरच भागवलं असतं, तर त्याला निरोगी म्हणून सोडून दिलं असतं.

त्या संध्याकाळी ह्यांनी वही काढली आणि पिल्लं ज्यांच्याकडे गेली त्या सगळ्यांना फोन लावले. दोघांनी आभार मानले, एकानं आवाज चढवला, एकानं फोनच उचलला नाही. ओळखीतल्या एका ब्रीडरनं आम्हांलाच समजावलं, “वहिनी, गाजावाजा कशाला करता? नाव खराब होतं. गुपचूप मेटिंग बंद करा.” मी म्हटलं, नाव बाजीचं आहे आणि त्याला त्याची काही पडलेली नाही.

पुढची अडीच वर्षं बाजी गोळ्यांवर राहिला. मुख्य गोळी पिमोबेंडनची. ती हृदयाचं आकुंचन सुधारते आणि रक्तवाहिन्या सैल करते. सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी तासभर, रिकाम्या पोटी. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ब्रिटन आणि उत्तर अमेरिकेतल्या ७६ डॉबरमनांना लक्षणं दिसण्याआधीच ही गोळी किंवा तशीच दिसणारी साधी गोळी दिली होती. हृदय निकामी होईपर्यंत किंवा अचानक मृत्यू येईपर्यंतचा मध्यक काळ साध्या गोळीवर ४४१ दिवस होता, पिमोबेंडनवर ७१८. म्हणजे नऊ महिन्यांची भर. कुत्र्याच्या आयुष्यात नऊ महिने थोडे नव्हेत. लय सांभाळायला बाजीला सोटालॉलही होतं.

डॉक्टरांनी आम्हांला एक काम लावून दिलं होतं: तो गाढ झोपला की मिनिटभर श्वास मोजायचे. तिसाच्या वर सतत जाऊ लागले, तर फुप्फुसांत पाणी होत असेल, लगेच फोन करायचा. हे मोबाइलवर टायमर लावून बसायचे. कोणी अर्जुनारिष्ट सुचवलं, शेजारच्या काकूंनी लसूण. लसूण कुत्र्याला विषारी, हे काकूंना सांगितल्यावर त्या माझ्यावरच रुसल्या.

शो सुटले, हे ह्यांना जड गेलं. अमेरिकेतल्या स्टंप या ससेक्स स्पॅनियलची गोष्ट त्यांनी कुठेतरी वाचली होती. २००४ साली तो मरता मरता वाचला, टेक्सासच्या विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात जवळपास तीन आठवडे होता, आणि २००९ साली दहाव्या वर्षी रिंगमध्ये परतून न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर शोमध्ये बेस्ट इन शो ठरला. “मग आपला का नाही?” असं ह्यांनी विचारल्यावर डॉक्टर एवढंच म्हणाले, “त्याचं दुखणं आलं आणि गेलं. याचं जाणारं नाही.” बाजीला मात्र पांढरा टॉवेल दिसला की अजून जायचं असे. मग आम्ही त्याला गाडीत घालून हरिपूरला संगमावर नेत असू. तिथे जज नव्हता, लिव्हर होतं. त्याची तक्रार नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी गेटवर दूधवाला आला. बाजी नेहमीसारखा ओरडत धावला आणि निम्म्या वाटेत कोसळला. मी पोचेपर्यंत संपलं होतं. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, पण सांगितलेलं आणि घडलेलं यांत फार अंतर असतं. हे त्या दिवशी जेवले नाहीत. दूधवाला महिनाभर घंटा न वाजवता पिशवी अडकवून जायचा.

आता डॉबरमनचं पिल्लू घ्यायचं म्हणून सांगली-मिरजेतली माणसं आमच्याकडे चौकशीला येतात. कपाटातले कप बघतात. मी त्यांच्यापुढे बाजीची फाईल ठेवते आणि सांगते: आईबापांचे कप बघू नका, रिपोर्ट मागा. इको आणि होल्टर दोन्ही, तेही गेल्या वर्षभरातले. आजी-आजोबा किती वर्षं जगले आणि कशानं गेले, ते विचारा. बाप जितका वयस्क आणि तरीही निरोगी, तितकं बरं. ब्रीडर चिडला, तर उत्तर मिळालं असं समजा. रिपोर्ट चांगला असला तरी हमी नाही, कारण तो त्या वर्षापुरता असतो. म्हणून पिल्लू घेतल्यावर तिसऱ्या वर्षापासून होल्टरचा खर्च धरून ठेवा; लग्नसराईतल्या एका साडीत भागतो.

बाजीची एक मुलगी इचलकरंजीत आहे. ह्यांचा फोन गेल्यावर ज्यांनी आवाज चढवला होता, त्यांचीच. राग उतरल्यावर ते तिला दर वर्षी तपासायला नेऊ लागले आणि चौथ्या वर्षी होल्टरमध्ये सापडलं. लगेच गोळ्या सुरू झाल्या. तिची पिल्लं त्यांनी काढली नाहीत. आता ती आठ वर्षांची आहे आणि रात्री फार भुंकते, अशी त्यांच्या सोसायटीची लेखी तक्रार आहे.