अस्सल गूळ आणि अस्सल बेणे



आज बाजारात कोणतीही वस्तू घ्यायला जा, तिच्यावर 'अस्सल', 'गावरान' किंवा 'घरगुती' असा एखादा शब्द छापलेला असतोच. शहरातले गिऱ्हाईक या शब्दासाठी जादा दाम मोजायलाही तयार आहे. पण शब्द छापायला काय लागते? शाई लागते, बस्स. त्यामागचा माल खरा आहे की नाही हे कोण बघणार? आपण ऊस पिकविणारी माणसे. गूळ काय, साखर काय, दोन्ही आपल्याच रसाची. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरचा आहे.

गुळाचेच घ्या. रस काहिलीत तापवायचा, भेंडीचे पाणी घालून मळी वर आणायची, ती काढायची, चुन्याची निवळी बेताने द्यायची आणि पाक सुमारे ११८ अंशावर आला की काहील उतरवायची. या रीतीने शंभर किलो उसापासून साधारण १० ते १२ किलो गूळ पडतो. चांगल्या गुळव्याचा गूळ सोनेरी ते तांबूस निघतो. जमीन, उसाची जात आणि पक्वता यांप्रमाणे रंग बदलतो. तो बदलणारच, कारण तो उसाचा रंग आहे.

पण गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ पाहिजे म्हणून काही ठिकाणी 'हायड्रॉस' पावडर घालतात. तिने रंग उजळतो खरा, पण तो टिकत नाही, ठेवला की गूळ पुन्हा काळवंडतो. अन्न सुरक्षेच्या नियमांप्रमाणे गुळात सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत ७० भागांहून अधिक चालत नाही. पावडर मुठीने घालणाऱ्याला हा हिशेब कसा राहणार?

दुसरा प्रकार जास्त वाईट. उसाचा तुटवडा असला किंवा रस कमी प्रतीचा असला की काहिलीत सरळ साखरेची पोती रिकामी करायची. म्हणजे बघा, आपल्या उसाची साखर कारखान्यातून रीतसर विकली जाते आणि कुठल्यातरी काहिलीतून 'अस्सल गूळ' होऊन बाहेर पडते! ही उघड भेसळ आहे. तिचा फटका बसतो तो निव्वळ रसाचा गूळ करणाऱ्याला. त्याचा खर्च जास्त आणि भाव मात्र तोच.

आता कोणी म्हणेल, प्रयोगशाळेत तपासून घेऊ. पण मेख तिथेच आहे. गुळात निम्म्याहून जास्त भाग मुळातच सुक्रोज, म्हणजे साखर, असतो. ती रसातून आली की पोत्यातून, हे साध्या तपासणीत सहज सांगता येत नाही. जिभेलाही ते दर वेळी कळेलच असे नाही. म्हणून अस्सलपणाची खरी साक्ष माल कुठून आला आणि कसा झाला याच्या नोंदीतच मिळते.

सरकारने भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये केला, तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. कोल्हापूरच्या गुळाला हे मानांकन २०१४ मध्ये मिळाले. कोल्हापुरी चपलेला ते २०१९ मध्ये मिळाले, त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार असे आठ जिल्हे आहेत. पुढे जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच धाटणीच्या चपला मांडल्या, पण त्या कुठल्या हे सांगितले नाही. इकडे ओरड झाली, लोकांनी मानांकनावर बोट ठेवले. मग भारतीय कारागिरीवरून प्रेरणा घेतल्याचे कंपनीने मान्य केले. कागदावरची नोंद अशी कामाला येते. पण मानांकन म्हणजे जादू नव्हे. नाव कोल्हापूरचे आणि काहिलीत पोत्यातली साखर असली, तर ते नाव आपणच बुडवतो.

आता जरा आपल्या शेतात येऊ. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? गूळ असो वा साखर, अस्सलपणाची सुरुवात बेण्यापासून होते. को ८६०३२ या नावातच त्याचे कूळ आहे. 'को' म्हणजे कोइमतूर, जिथे १९१२ पासून ऊस पैदास केंद्र आहे, आणि ८६ म्हणजे १९८६ साल. फुले २६५ आपल्या पाडेगावच्या केंद्राची. पण शेजाऱ्याच्या खोडव्यातून कांड्या आणून '८६०३२ आहे, घ्या' म्हटले, की या नावाला काय अर्थ राहिला? त्यात दुसऱ्या जातीची सरमिसळ असते, काणी असते, गवताळ वाढ असते. नोंद एका जातीची आणि शेतात दुसरीच, मग तोडणीचा कार्यक्रम चुकतो आणि उतारा सगळ्यांचाच घसरतो.

म्हणून एवढे कराच :

१. मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित या साखळीतलेच बेणे घ्या. ९ ते ११ महिन्यांचे, बेणेमळ्यातले. खोडव्याचे नको.

२. दर तीन-चार वर्षांनी बेणे बदला.

३. बेणे कोणत्या प्लॉटचे, कोणत्या तारखेचे, हे वहीत लिहा. रोपे घेतली तर रोपवाटिकेची पावती जपून ठेवा.

४. नोंदीला गट कार्यालयाचा माणूस आला की लागण तारीख आणि जात खरी सांगा. लवकर तोड मिळावी म्हणून तारीख मागे ढकलू नका. ती चलाखी शेजाऱ्याच्या उसाला भोवते.

५. गुऱ्हाळ चालवीत असाल तर हायड्रॉस आणि साखर दोन्ही काहिलीपासून लांब ठेवा. गिऱ्हाइकाला तांबूस गूळ दाखवा आणि तो तांबूस का, तेही सांगा.

गिऱ्हाईक एकदा फसते, दोनदा फसते. तिसऱ्यांदा ते सगळ्या गावाच्या ढेपांकडे संशयाने बघते. मग त्यात खरी ढेप कोणाची होती हे विचारायला कोणी थांबत नाही. चालू हंगामाच्या बेण्याची मागणी आपापल्या गट कार्यालयात वेळेत नोंदवावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी