मोबाइलवरची किंमत आणि हातातला रेझर

आज स्वतःच फसलो तो किस्सा सांगतो.

पुण्याच्या जुन्या बाजारात मला जिलेटचा 'फॅटबॉय' दिसला. 1 ते 9 आकड्यांची रिंग असलेला हा रेझर 1958 ते 1961 या काळात अमेरिकेत बनायचा. मी भाव विचारला, तर विक्रेत्याने मोबाइलच पुढे केला. "बघा साहेब, ऑनलाइन पंधरा हजार चाललाय. तुम्हाला साडेसहा." मी लगेच पैसे दिले. दुकानात आणून बघतो तर रिंग जाम, प्लेटिंग उडालेलं. सात महिने माल पडून राहिला आणि शेवटी 3,800 ला गेला. सरळ 2,700 चा फटका!

चूक माझीच. पंधरा हजार ही मागितलेली किंमत होती, मिळालेली नव्हे. मागायला काय, कोणीही काहीही मागतो. ईबेवर 'सोल्ड' हा फिल्टर लावा, म्हणजे खरंच विकलेला माल दिसेल. तिथेही सर्वात मोठा आकडा धरू नका. लिलावात दोन हौशी माणसं इरेला पेटली की भाव चढतो. तुमच्या काउंटरसमोर मात्र एकच गिऱ्हाईक उभं असतं.

आता उलटा हिशोब करा. समजा, तशाच स्थितीतले रेझर 5,000 च्या आसपास विकले गेलेत.

- कमिशन, पॅकिंग, कुरिअर: 900
- साफसफाई, पॉलिश: 400
- तुमचा नफा: 1,000

उरले 2,700. ही तुमची खरेदीची कमाल मर्यादा. त्यावर एक रुपयाही नाही.

दुकानातल्या खरेदीचा एक मोठा फायदा म्हणजे वस्तू हातात असते. तो वापरा. खालची नॉब फिरवा, दोन्ही झाकणं सारखी उघडतात का बघा. रिंग 1 पासून 9 पर्यंत फिरवा. डोक्याच्या खालच्या बाजूचा कोड वाचा: अक्षर म्हणजे वर्ष, आकडा म्हणजे तिमाही. 'E4' असेल तर 1959 ची शेवटची तिमाही.

आणि तुम्ही विकणारे असाल, तर ऑनलाइनचा सर्वात मोठा आकडा टॅगवर लिहून माल कपाटात अडकवू नका. अडकलेला माल म्हणजे अडकलेलं भांडवल.

आजचा गृहपाठ: दुकानातली सर्वात जुनी पडून असलेली वस्तू काढा आणि तिचा 'मिळालेला' भाव शोधा. मग टॅग बदलायचा की नाही, ते तुम्हीच ठरवा.