स्क्रिप्ट अडकली? एररच्या ओळी खालून वर वाचा

समजा, यवतमाळ, वणी आणि पुसदच्या बाजारांतल्या कापसाच्या भावांची सरासरी काढणारी पायथन स्क्रिप्ट तुम्ही लिहिली. चालवताच स्क्रीनभर इंग्रजी ओळी आल्या. घाबरून त्या बंद करू नका. चुकीचा पत्ता त्यातच असतो. याला ‘स्टॅक ट्रेस’ म्हणतात.

कुठून वाचायचं?
पायथनमध्ये सर्वांत खालून. शेवटची ओळ काय चुकलं ते सांगते. उदा. ‘व्हॅल्यूएरर’ आणि पुढे ‘७,२००’ दिसलं, तर स्वल्पविरामामुळे पायथनला तो आकडा समजलेला नाही. वरच्या ओळींत फाइलचं नाव, ओळ क्रमांक आणि फंक्शन असतं. खालून वर जाताना तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव जिथे पहिल्यांदा दिसेल, तिथून तपास सुरू करा. जावामध्ये याउलट, चूक सर्वांत वर असते.

वॉर्निंगचं काय?
ती जास्त फसवी. एरर आली की काम थांबतं. वॉर्निंग आली तरी स्क्रिप्ट पुढे चालते. मग चुकीचा भाव ग्रुपवर जातो आणि त्यावर भरवसा ठेवून कुणीतरी गाडी भरतो. ‘-डब्ल्यू एरर’ हा पर्याय देऊन स्क्रिप्ट चालवा. वॉर्निंगचीही एरर होईल आणि तिचा माग मिळेल.