नोंदीतला गुंठा आणि यंत्रातला आकडा



मागे एका हंगामात आमच्याच शेतकी खात्याकडून झालेली चूक आधी सांगतो. एका सभासदाची आडसाली लागण १ एकर २० गुंठे होती. आमच्या माणसानं नोंदवहीत सवयीप्रमाणे १.२० लिहिलं. वही वाचणाऱ्या माणसाला त्यात काही अडचण नव्हती. कॉम्प्युटरनं मात्र ते दशांश चिन्ह समजून १.२० एकर, म्हणजे ४८ गुंठे धरले. खरं क्षेत्र ६० गुंठ्यांचं. तोडणी प्रोग्रॅम ४८ गुंठ्यांचा निघाला, टोळी पुढच्या फडावर गेली आणि १२ गुंठे ऊस उभाच राहिला. टोळी परत आणायला आठ दिवस लागले. त्या सभासदाला रान मोकळं करून गहू पेरायचा होता, त्याची वाफ गेली. ऊस चांगला होता, काटा चोख होता. घोटाळा झाला तो कागदावरचा आकडा यंत्रात जाताना.

माहितीची दोन रूपं

कॉम्प्युटरात माहिती दोन रीतींनी ठेवतात. एक अक्षररूप. यात ६० म्हणजे सहाचं चिन्ह आणि पुढे शून्याचं चिन्ह. ती यादी आपल्याला डोळ्यांनी वाचता येते. दुसरं द्विमान रूप, म्हणजे बायनरी. यात तेच ६० फक्त १ आणि ० वापरून १११००० ऐवजी ११११०० असं मांडतात (३२, १६, ८ आणि ४ यांची बेरीज ६०). एक खूण इकडची तिकडे झाली की ६० चे ५६ होतात. हे रूप जागा कमी घेतं, हिशेब झटपट होतो, पण उघडून पाहिलं तर माणसाला काही कळत नाही. म्हणून एका रूपातून दुसऱ्यात नेतानाच तपासणी हवी.

शून्य कुठं गेलं?

वजनाच्या आकड्यामागची शून्यं गेली तरी बिघडत नाही. ०१८४५० किलो आणि १८४५० किलो एकच. पण बँकेचा खाते नंबर ही काही बेरीज करायची रक्कम नव्हे. तो संख्या म्हणून साठवला की सुरुवातीची शून्यं गळतात. नेहमीच्या एक्सेल तक्त्यात १५ अंकांपुढचे अंकही शून्य होऊन बसतात. उसाचं बिल १४ दिवसांत द्यावं असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण नंबरच अर्धा असेल तर पैसे जाणार कुठं? म्हणून खाते नंबर अक्षररूपातच ठेवायचा, असा नियम.

तारखेची गंमत नव्हे, नुकसान

५ जुलैची लागण ०५/०७ अशी लिहिली आणि महिना आधी वाचणाऱ्या प्रणालीत गेली, तर ती ७ मे होते. कागदावर ऊस दोन महिन्यांनी मोठा झाला! कोवळ्या उसाला तोड आली की उतारा घटतो. २५/०७ असेल तर यंत्र अडवतं, कारण पंचविसावा महिना नसतो. पण ०५/०७ बिनबोभाट आत जाते. यावर उपाय एकच: तारीख आणि हंगाम एकमेकांशी ताडून पाहायचे. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची. हंगाम आडसाली आणि महिना मे दिसला की नोंद बाजूला काढायची.

तपासणी कशी होते

जुने हिशेबनीस पानाखाली बेरीज मारून पुढच्या पानाशी जुळवत. तीच युक्ती आज यंत्रात आहे. आधार क्रमांकाचा बारावा आकडा असाच पडताळणीचा. व्हेरहूफ या डच गणितज्ञाच्या १९६९ च्या रीतीनं तो काढतात. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे आकडे उलटसुलट झाले की लगेच कळतं. आयएफएससी कोड ११ स्थानांचा आणि पाचवं स्थान नेहमी शून्य. तिथं इंग्रजी 'ओ' दिसला की चूक.

सगळ्यात भरवशाची परीक्षा उलट्या प्रवासाची. उसाची साखर झाली की साखरेचा परत ऊस होत नाही. माहितीचं तसं चालत नाही. अक्षररूप यादी बायनरीत नेल्यावर ती पुन्हा अक्षररूपात आणायची आणि मूळ यादीशी ओळ न ओळ ताडायची. एकूण सभासद, एकूण क्षेत्र, शून्यासुद्धा खाते नंबर जुळले तरच काम पुरं.

आपल्या भागाला हे नवं नाही. १९९८ मध्ये वारणा परिसरातल्या कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांना कॉम्प्युटरनं जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला, तोही ऊस उत्पादकांना गावातच माहिती मिळावी म्हणून.

आपलं काम

पण वरची उलटी परीक्षाही आमची १.२० ची चूक पकडू शकली नसती. १.२० आत गेले, १.२० च बाहेर आले! तुमच्या रानात खरे गुंठे किती, हे तुम्हालाच ठाऊक. आता आम्ही एकर आणि गुंठे वेगळ्या रकान्यांत घेतो आणि गुंठ्यांच्या रकान्यात ३९ च्या वर आकडा घेत नाही. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो; १ एकर म्हणजे सुमारे ४०.४७ आर, हेही ताडतो.

तरी सर्व सभासदांना नम्र विनंती, की गट ऑफिसात नोंदीची छापील यादी लागली की स्वतः येऊन वाचावी. क्षेत्र, लागणीची तारीख, ऊसजात, नाव आणि खाते नंबर पासबुक समोर धरून पाहावं, मगच सही करावी. चूक दिसली तर संकोच करू नका. हंगामाआधी एक आकडा दुरुस्त करायला आम्हाला दोन मिनिटं लागतात. टोळी फडातून गेल्यावर आठ दिवस लागतात.